बहुरूप्याला वेशीवर अडवणारा फलक काढा: आमच्या ग्रामसभेला खुलं पत्र

प्रति,
सरपंच ताई, उपसरपंच, सर्व सदस्य, पोलीस पाटील आणि गावकरी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीत गावाच्या ग्रुपवर मुलं पळवल्याचा व्हिडिओ फिरला, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव झाला आणि काही दिवसांतच वेशीच्या कमानीखाली फलक उभा राहिला. त्यावर लिहिलंय: 'बहुरूपी, नंदीवाले, भविष्य सांगणारे, भिकारी व अनोळखी फेरीवाले यांना गावात सक्त मनाई आहे. आढळल्यास कारवाई केली जाईल. आदेशावरून.' हा फलक काढावा आणि ठराव मागे घ्यावा, यासाठी हे पत्र आहे. तोंडी सांगून झालं, ग्रामपंचायतीत खेटे घालून झाले. 'पुढच्या मीटिंगला बघू' एवढंच उत्तर मिळालं. मधल्या काळात फलकानं आपलं काम सुरू केलं आणि ते माझ्या दुकानाच्या पायरीवर, माझ्या डोळ्यांदेखत झालं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे. ज्या गावांत असा फलक लावायचं घाटत असेल, त्यांनीही हे वाचावं.

मी कोण, हे गावात सांगायची गरज नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गावात उतरणारं आणि गावातून जाणारं प्रत्येक माणूस माझ्या दारावरून जातं. मी ऊसतोड कामगारांची मुलगी आहे आणि या गावची सून आहे. मला शाळेत जाणारी मुलगी आहे, ती रोज एकटी घरी येते. मुलांची काळजी फक्त ठराव मांडणाऱ्यांनाच आहे, असं कुणी समजू नये.

तो बाजाराचा दिवस होता. दुपारची गाडी येऊन गेली आणि खाकी पोशाखातला एक माणूस शिट्टी फुंकत दुकानात शिरला. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, काखेत वहीचा जुना पुठ्ठा. सातबाऱ्यासाठी थांबलेल्या एका आजोबांसमोर तो टाच आपटून उभा राहिला आणि म्हणाला, 'बाबा, तुमच्या कोंबड्यावर वॉरंट आहे. तांबडं फुटायच्या आधी आरवला, शेजाऱ्याची अर्धी झोप चोरीला गेली. कोंबडा हजर करा, नाहीतर जामीन म्हणून माझ्याबरोबर चहा घ्या.' आजोबांच्या घरी कोंबडा नाही. पण तेही जुने खेळाडू. म्हणाले, 'साहेब, कोंबडा फरार आहे.' मग दुकानातच खटला उभा राहिला. फॉर्म भरायला आलेल्या दोन कॉलेजच्या मुली साक्षीदार झाल्या, मला पंच केलं गेलं, आणि शेवटी शेजाऱ्यालाच दंड झाला, कारण एवढ्या पहाटे तो जागा होता म्हणूनच त्याला आरवणं ऐकू गेलं. इतकं मोकळं हसू त्या दुकानात कधी ऐकलं नव्हतं. तिथं लोक येतात ते दाखले, हप्ते, नामंजूर झालेले अर्ज घेऊन.

खेळ संपला तसा त्यानं आवाज उतरवला. शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि म्हणाला, 'ताई, एवढी कागदं पक्की करून द्या.' आधार कार्ड, जातीच्या दाखल्याची प्रत, त्याच्या गावच्या सरपंचांचं पत्र, तिथल्या पोलीस ठाण्यात दिलेल्या अर्जाची पोच. घड्यांवर कागद इतके झिजले होते की उजेडात धरले तर पलीकडचं दिसत होतं. मी सगळे मशीनकडे नेऊ लागले, तर त्यानं सरपंचांचं पत्र मागे घेतलं. 'हे राहू द्या. शिक्का बोटाला लागला पाहिजे. प्लॅस्टिकखाली गेला की लोक म्हणतात, रंगीत झेरॉक्स आहे.'

गावोगाव अंगझडती दिल्याशिवाय माणसाला एवढी बारीक गोष्ट सुचत नाही.

मी त्याच्या खांद्यांकडे बघत होते. चांदीच्या कागदाचे तारे डिंकानं चिकटवलेले होते, दोन्ही खांद्यांवर पाच-पाच. त्याच्या ते लक्षात आलं. म्हणाला, 'खऱ्या इन्स्पेक्टरला तीन असतात. मी पाच लावतो, म्हणजे कुणाची फसगत व्हायला नको.' नावाच्या पट्टीवर त्यानं 'फौजदार हसवे' असं लिहिलं होतं आणि पट्ट्याचं बक्कल बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेलं होतं. त्याच्या घराण्यातली रीतच तशी. दिवाळीनंतर बाहेर पडायचं, तालुक्याच्या ठिकाणी पालं टाकायची आणि वाटणीला आलेली गावं फिरायची. एका गावात ओळीनं वेगवेगळी सोंगं आणायची, कधी गोसावी, कधी डॉक्टर, कधी बाळंतीण, कधी अर्ध्या अंगानं पुरुष आणि अर्ध्या अंगानं बाई. शेवटच्या दिवशी सोंग उतरवून, स्वतःच्या चेहऱ्यानं दारात उभं राहायचं आणि बिदागी मागायची. ज्यानं आधी आपल्याला चकवलं तोच मग 'तो मीच' म्हणून सांगतो. आपलं गाव त्याच्या वडिलांच्या वाटणीतलं. आजोबांना त्याच्या वडिलांचं बाळंतिणीचं सोंग आठवत होतं. 'आमच्या आईनं खरंच खारीक-खोबरं दिलं होतं तिला,' ते म्हणाले. त्यावर तो माणूस खाली वाकून त्यांच्या पाया पडला.

मग तो कागद घेऊन बाहेर पडला आणि पायरीवरच त्याला अडवलं गेलं.

अडवणाऱ्या पोरांची नावं मी इथे लिहिणार नाही. ती आपलीच पोरं आहेत आणि त्यांच्या हातात ठराव आपण दिला. त्यांनी मोबाइलमध्ये फलकाचा फोटो दाखवला. तो कागद पुढे करत होता, नुकतं लॅमिनेशन केलेले, अजून कोमट. कुणी वाचले नाहीत. 'आधार काय, कुणीही छापतं.' त्याला खाकी शर्ट काढायला लावला. झोळी पायरीवर पालथी केली. आतून केसांचा टोप निघाला, काजळाची डबी, डिंकाची बाटली, लाल लुगडं आणि एक रबरी बाळ. ते बाळ बघून गर्दीचा आवाज बदलला. बाळंतिणीच्या सोंगाचं ते बाळ एका मुलानं पाय धरून उंच केलं आणि दुसऱ्यानं त्याचा व्हिडिओ काढला. पोलीस यायच्या आत तो व्हिडिओ आसपासच्या गावांत गेला होता. खाली लिहिलं होतं, 'मुलं पळवणारी टोळी पकडली.' टोळी म्हणजे तो, आणि त्याच्याबरोबर आलेला त्याचा पुतण्या. पुतण्या आपल्या सातवी-आठवीच्या पोरांएवढा. त्यानं काकाचा शर्ट दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मी ११२ ला फोन केला. आजोबा काठी टेकत पुढे गेले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांचं वय बघून कुणी हात उचलला नाही, म्हणून पुढचं टळलं. पोलिसांनी येऊन कागद पाहिले, ते खरे निघाले. त्याला सोडलं आणि जाताना सांगितलं, 'इकडे परत फिरू नका.' ज्यांनी अडवलं, कपडे उतरवले, खोटा व्हिडिओ पसरवला, त्यांना कुणी काही सांगितलं नाही. मी स्वतः साक्ष द्यायला तयार होते, मला कुणी विचारलं नाही.

आता माझ्या तक्रारी मांडते.

पहिली आणि सगळ्यात मोठी: या फलकामुळे गाव सुरक्षित झालेलं नाही, जास्त धोक्यात आलं आहे. अफवा उठली की गर्दी आधी विचारते, 'हा इथं आलाच कसा?' फलकानं त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलंय: तो इथं असणं हाच गुन्हा. त्यापुढे कागद, शिक्का, सरपंचांचं पत्र यांना काही अर्थ राहत नाही. आणि हे कुठपर्यंत जाऊ शकतं ते महाराष्ट्रानं बघितलेलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी पाच माणसं एसटीतून उतरली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढा तालुक्याकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारे म्हणून जमावानं त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच मारून टाकलं. सरपंच ताई, ती खोली ग्रामपंचायतीची होती. आपल्या ग्रामपंचायतीलाही तशीच एक खोली आहे, टेबल, कपाट आणि भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी असलेली. मी तिथे अर्ज घेऊन येते तेव्हा हे माझ्या मनातून जात नाही.

त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते, त्यातला एक कराचीतल्या संस्थेनं मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. दुचाकीवरून मूल उचलल्याचं त्यात नाटक होतं आणि शेवटी मूल परत आणून 'काळजी घ्या' असं सांगितलं होतं. ते शेवटचं कुणीतरी कापलं. राहिलेलं गावागावात खरं म्हणून पोहोचलं. माणसं मेल्यावर, त्याच जुलै महिन्यात, व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच निरोप पुढे पाठवता येईल असं बंधन घातलं. आपल्या ग्रुपवर जानेवारीत फिरलेला व्हिडिओ कुठला होता, हे ठराव मांडण्याआधी कुणी तपासलं? पोलीस ठाण्याला विचारलं? आपल्या गावात, आपल्या तालुक्यात मूल पळवल्याची एक तरी नोंद आहे का, हे इतिवृत्तात लिहिलं आहे का? मी इतिवृत्ताची प्रत मागितली, त्यात फक्त 'सध्याचे वातावरण पाहता' एवढे शब्द आहेत.

राईनपाडा एकटं नाही. मे २०१२ मध्ये नागपुरात बायकांचा वेश करून फिरणाऱ्या तिघांना चोर समजून जमावानं ठार केलं. तेही सोंगं घेऊन मागून खाणारे लोक होते. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्याला उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुलं पळवणारे म्हणून मारहाण झाली, ते वाचले. वेश वेगळे, गावं वेगळी. सगळीकडे मार खाल्ला तो रस्त्यावरच्या माणसानं.

दुसरी तक्रार अधिकाराबद्दल. ठराव झाला २६ जानेवारीला. सकाळी शाळेच्या मैदानावर मुलांनी संविधानाची उद्देशिका म्हटली आणि दुपारी ग्रामसभेत हे झालं. त्याच संविधानाचा अनुच्छेद १९ प्रत्येक नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचं आणि कोणताही व्यवसाय करण्याचं स्वातंत्र्य देतो. त्यावर बंधन घालायचं तर कायदा लागतो, तो विधिमंडळ किंवा संसद करते. हात वर करून एका समाजाला गावबंदी करायचा अधिकार ग्रामसभेला नाही. 'आदेशावरून' असं लिहिलंय, तो आदेश कोणाचा, कोणत्या कलमाखाली? ग्रामसेवकांनी मला त्याचं लेखी उत्तर द्यावं.

काही जण मला म्हणाले, भीक मागणं कायद्यानं गुन्हाच आहे. १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा मी काढून वाचला. त्यात भीक मागण्याची व्याख्या करताना गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं हे सगळं 'निमित्त' म्हणून ओढलेलं आहे. खेळ दाखवून बिदागी घेणारा माणूस त्यात भिकारी ठरतो, पोलीस त्याला वॉरंटशिवाय धरू शकतात आणि न्यायालय पहिल्याच वेळेस एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवू शकतं. माझ्या मते हा कायदा अन्यायाचा आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ ला याच कायद्यातल्या, भीक मागणं हा गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरवल्या. महाराष्ट्रात, जिथं तो जन्माला आला, तिथं तो अजून आहे. पण असला तरी तो पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या हातात आहे, स्टँडवरच्या पोरांच्या नाही. पोलिसांच्या वेशाबद्दलही तेच. सरकारी नोकराचा वेश घालून लोकांना खरंच तसं भासवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेतही तो आहे. खांद्यावर पाच तारे आणि छातीवर 'फौजदार हसवे' लावून कोंबड्यावर वॉरंट बजावणारा माणूस कुणाला काय भासवत होता?

तिसरी तक्रार माझ्या जिव्हाळ्याची आहे आणि ती मी जरा सविस्तर लिहिते.

२६ जानेवारीला गावात कोण होतं? निम्म्या घरांना कुलपं होती. दसरा-दिवाळीनंतर आपल्या गावातली कोयती, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून कारखान्यांवर जातात, कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण हजर असले की गणपूर्ती होते, त्यामुळे ठराव कागदावर नियमात बसला. पण फिरून पोट भरणाऱ्यांविरुद्धचा ठराव, गावातले फिरून पोट भरणारे सगळे बाहेर असताना झाला. ते असते तर हात वर झाले असते का, हे मला बघायचं आहे.

कारण परगावात अनोळखी म्हणून राहणं काय असतं, ते त्यांना माहीत आहे. मी लहानपणी काही हंगाम आई-वडिलांबरोबर कोपीत, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, काढलेत. एका गावात विहिरीवरची मोटार चोरीला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या टोळीतल्या सगळ्या पुरुषांना रांगेत उकिडवं बसवलं. माझे वडील त्यात होते. कोप्या उचकल्या, बाजरीच्या पिठात हात घालून पाहिलं. मोटार कुठे होती ते आम्हाला कधी कळलं नाही; आमच्याकडे नव्हती. त्यानंतर पाणी भरायला गावाच्या हापशावर जायची आम्हा मुलांची हिंमत होत नसे. आईनं तेव्हा वडिलांना विचारलं होतं, 'आपल्याला कुणी ओळखत नाही, हा आपला गुन्हा आहे का?' वडिलांनी उत्तर दिलं नाही.

आता सांगा, उद्या कारखान्याच्या पट्ट्यातल्या एखाद्या गावानं फलक लावला: 'ऊसतोड मजूर व अनोळखी टोळ्यांना गावात सक्त मनाई.' आपण काय म्हणू? अन्याय म्हणू, मोर्चा काढू, आमदारांकडे जाऊ. आणि बरोबर करू. मग आपल्या कमानीखाली जे लिहिलंय ते काय आहे?

फिरस्त्या माणसावर संशय घ्यायची ही सवय आपल्या मातीतली नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कितीतरी जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावर हजेरी लादली, गाव सोडायला परवाना लावला. स्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांना त्यातून सुटायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला. बहुरूपी, वासुदेव, गोंधळी, चित्रकथी, नंदीवाले यांना महाराष्ट्र सरकारनं भटक्या जमाती 'ब' मध्ये धरलं आहे, अडीच टक्के आरक्षण आहे. सरकारदरबारी ते आहेत. गावात मात्र पूर्वी त्यांना जे होतं तेही राहिलं नाही. सुगीच्या दिवसांत खळ्यावर त्यांचा वाटा निघायचा, आजही आपल्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कुणाला किती पसे धान्य द्यायचं ते आठवतं. एकनाथांनी लोकांशी बोलायचं ठरवलं तेव्हा वासुदेव, जोशी, कोल्हाटीण अशी याच माणसांची सोंगं भारुडात आणली, कारण लोक त्यांचं ऐकत होते. यंदा शाळेच्या स्नेहसंमेलनात मोरपिसांची टोपी घालून वासुदेव झालेल्या मुलाला सरपंच ताईंच्या हस्ते पहिलं बक्षीस मिळालं. मुलगा गुणी आहे, बक्षीस योग्य होतं. पण खरा वासुदेव पहाटे वेशीवर आला तर त्यानं हा फलक वाचून मागे फिरायचं का?

मुलांची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. माझी मुलगी दहा मिनिटं उशिरा आली तर मी दुकान सोडून रस्त्यावर येते. त्या भीतीसाठी करण्यासारखं पुष्कळ आहे. शाळा सुटताना फाटकावर कुणी जबाबदार माणूस नसतो. स्टँडच्या मागचा दिवा कित्येक महिने बंद आहे. मुतारीकडच्या बोळात संध्याकाळी बायकासुद्धा जात नाहीत. यातल्या एकाही गोष्टीवर २६ जानेवारीला चर्चा झाली नाही. फलकाला पैसे निघाले, दिव्याला निघाले नाहीत.

पोलीस पाटील, तुम्हाला एक वेगळी विनंती. 'बंदी नको तर निदान नोंद तरी ठेवू' असं तुम्ही मला म्हणालात. नोंद ठेवायला माझी हरकत नाही, पण ती कुणासाठी, हे आधी ठरवा. आलेल्या माणसानं येऊन नाव-गाव सांगावं आणि त्या बदल्यात तुम्ही तुमच्या फोनवरून गावाच्या ग्रुपला कळवावं की अमुक कलावंत आज गावात आहेत, कागद पाहिले आहेत, त्यांचा खेळ बघा. अशी नोंद त्या माणसाला ढालीसारखी उपयोगी पडेल. रोज सकाळ-संध्याकाळ बोलावून उभं करायचं असेल, बोटांचे ठसे घ्यायचे असतील, तर ती इंग्रजांची हजेरी झाली. तिला माझा विरोध आहे.

माझ्या मागण्या अशा:

१. १ मेच्या ग्रामसभेत हा ठराव रद्द करण्याचा विषय पटलावर घ्यावा. तोवर कोयती गावात परतलेली असतील. दवंडी त्यांच्या वस्तीवरही द्यावी.

२. फलक त्याआधीच, आत्ता उतरवावा. त्याजागी दुसरा लावायचा असेल तर त्यावर लिहावं: 'संशय आल्यास हात उगारू नका. ११२ वर पोलिसांना, मुलांसंबंधी १०९८ वर कळवा.' खर्च मी देते.

३. त्या दिवशीचा व्हिडिओ खोटा होता, असं ग्रामपंचायतीनं लेखी जाहीर करावं आणि ज्या ज्या ग्रुपवर तो गेला तिथे ते पाठवावं. तो माणूस आजही कुठल्यातरी गावात खेळ करत असेल आणि तिथल्या कुणाच्यातरी फोनमध्ये त्याचा चेहरा 'टोळी' म्हणून असेल. ही मागणी सगळ्यात तातडीची आहे. बाकीच्या थोड्या थांबतील, ही थांबणार नाही.

४. ज्या मुलांनी त्याला उघडं केलं, त्यांना पालकांसमोर बसवून समज द्यावी. पोलिसांत पाठवून त्यांची आयुष्यं बिघडवावीत अशी माझी इच्छा नाही. पण पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात-जमात, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून कुणाचा जीव घेतला तर न्याय संहितेत जन्मठेप किंवा फाशीची वेगळी तरतूद आहे, हे त्यांना कुणीतरी स्पष्ट सांगितलं पाहिजे. तुम्ही सांगितलं नाही तर मी सांगेन.

५. सर्वोच्च न्यायालयानं १७ जुलै २०१८ ला झुंडबळींबाबत दिलेल्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमायला सांगितलं आहे. आपल्या जिल्ह्यात तो कोण आणि त्याचा नंबर काय, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं.

६. गावच्या यात्रेत बहुरूपी, गोंधळी, वासुदेव यांना रीतसर बोलावून खेळ करू द्यावा आणि यात्रा कमिटीच्या वर्गणीतून बिदागी द्यावी. ऑर्केस्ट्राला आपण देतोच. यातला थोडा भाग पुरेल. त्यासाठी मंडप लागत नाही, स्पीकर लागत नाही.

सहाव्या मागणीवर काही जण म्हणतील की आता मोबाइलवर सगळं बघायला मिळतं, बहुरूपी कशाला हवा. त्यांना मी आजोबांकडे पाठवेन. बायको गेल्यापासून ते माझ्या दुकानात उतारा घ्यायच्या निमित्तानं बसायला येतात, तोच उतारा पुन्हा काढून नेतात. त्या दुपारी ते कोंबड्याचे वकील झाले होते, आवाज चढवून युक्तिवाद करत होते. त्यांना मी असं बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मोबाइल आपल्याशी बोलत नाही, आपल्याला खटल्यात ओढत नाही, आपल्या घरी कोंबडा नाही हे ऐकून तेवढ्यात नवा डाव रचत नाही. समोरच्या माणसाचा स्वभाव क्षणात ओळखून त्याला खेळात घ्यायचं, त्याचा अपमान न करता त्याला हसवायचं, ही विद्या आहे आणि ती पिढ्यानपिढ्या पायी फिरून शिकलेली आहे. पुतण्या ती शिकायलाच काकाबरोबर आला होता. आपल्या गावानं त्याला काय शिकवलं, याचा विचार ग्रामसभेनं करावा.

या पत्राची सही केलेली प्रत ग्रामसेवकांकडे दिली आहे आणि पोच घेतली आहे. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना टपालानं पाठवली आहे. १ मेच्या ग्रामसभेला मी येणार आहे. विषय पटलावर नसला तरी उभी राहून हे पत्र वाचून दाखवणार आहे, आणि आजोबांनी सांगितलंय की तेही येणार आहेत. ज्यांना ठराव योग्य वाटतो त्यांनीही जरूर यावं, समोर बोलावं. मतभेद असतील तर ते बोलूनच मिटतील.

ग्रामपंचायतीनं तिसऱ्या मागणीचं उत्तर या आठवड्यात द्यावं. मजकूर टाइप करून द्यायला, छापून द्यायला आणि पाठवायला माझं दुकान उघडं आहे.

कळावे,
आपली,
स्टँडसमोरची दुकानदार आणि या ग्रामसभेची एक मतदार